प्रश्नसंच घरी सुटतात, टेस्टमध्ये नाही (नीट, ड्रॉप इयर) – सल्ला हवा आहे

राजवाडा_ते_राजेंद्रनगर | १४ नोव्हेंबर, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, आधीच माफी मागते.

मुक्काम इंदूर. लेक बारावी झाली, यंदा ड्रॉप घेतलाय, म्हणजे कुठेच प्रवेश न घेता वर्षभर नीटची (मेडिकल प्रवेश परीक्षेची) पुन्हा तयारी. मे २०२५ च्या नीटला ७२० पैकी ४१२ आले. पेपर सगळ्यांनाच जड गेला, फिजिक्सने भल्याभल्यांना रडवलं, पण ४१२ म्हणजे ४१२. भंवरकुव्याच्या क्लासला पुन्हा जायचं नाही हे तिनेच ठरवलं. घरीच अभ्यास आणि दर रविवारी एक ऑनलाइन टेस्ट.

घरी प्रश्नसंच सोडवते तेव्हा शंभरातले ऐंशी-पंच्याऐंशी बरोबर येतात. उत्तरं मी स्वतः तपासते, मेथी निवडता निवडता. आणि रविवारी? ४३०. ४४५. ४२८. जुलैपासून हेच चालू आहे. पोर वेडी होऊन राहिलीये आणि तिच्याबरोबर मी पण.

एनसीईआरटीची पाठ्यपुस्तकं आहेत. प्रश्नसंच चार: दोन खजूरी बाजारातून जुने आणले, एक मावसभावाचा, एक क्लासचं मोड्यूल. वेळापत्रक मी केलंय. सगळ्यात जाड पुस्तकाची अनुक्रमणिका घेतली, दिवसांनी भागली आणि फ्रिजवर चिकटवली. रोज १२० प्रश्न. कालपर्यंत साडेअकरा हजार झाले.

पाचवं पुस्तक घेऊ का? शेजारच्या वहिनी म्हणतात त्यांच्या पुतण्याचं "त्या" पुस्तकाने झालं.

---

कारकून नं. ३ | १४ नोव्हेंबर, रात्री ११:३४

घ्या की. सहाव्यावर टेस्ट सिरीज फुकट मिळेल. २२ लाखांवर पोरं बसली २०२५ ला, प्रत्येकाच्या घरी चार चार ठोकळे. छापणाऱ्यांच्या घरी बारमाही दिवाळी.

---

गोळाबेरीज | १५ नोव्हेंबर, सकाळी ६:०५

ताई, मी इंदूरलाच फिजिक्स शिकवतो, चौदा वर्षं झाली. पाचवं पुस्तक नको. आधी दोन गोष्टी सांगा. ती धडा वाचून लगेच त्याच धड्याचे प्रश्न सोडवते का? आणि केमिस्ट्रीचे कुठले कुठले धडे झाले? यादी टाका.

पहिलं का विचारतोय ते सांगतो. दर जुलैला नव्या बॅचला एक साधं गणित घालतो. गुळगुळीत उतार, पाच मीटर उंचीवरून दोन किलोचा ठोकळा सोडला, तळाशी वेग किती? पानाच्या डोक्यावर "कार्य, ऊर्जा आणि शक्ती" छापलेलं असलं की वीस सेकंदांत उत्तर येतं. वरची स्थितिज ऊर्जा खाली सगळी गतिज झाली, गुरुत्वत्वरण 'जी' दहा धरलं तर शंभराचं वर्गमूळ, सेकंदाला दहा मीटर. वस्तुमान लागतच नाही, ते नुसतं मधे उभं केलंय. हेच गणित ऑक्टोबरच्या मिक्स टेस्टमध्ये टाकतो, एक शब्द न बदलता. निम्मा वर्ग उताराचा कोन शोधत बसतो. एक जण तर हात वर करून म्हणतो, "सर, अँगल दिलाच नाहीये, क्वेश्चन गलत है."

गणित त्यांना येतं. पण कुठल्या वाटेने जायचं हे जुलैत त्यांनी ठरवलंच नव्हतं, पानाच्या मथळ्याने ठरवलं होतं. पेपरात फिजिक्सचे ४५ प्रश्न असतात, एकाच्याही डोक्यावर धड्याचं नाव नसतं.

---

राजवाडा_ते_राजेंद्रनगर | १५ नोव्हेंबर, सकाळी १०:४८

हो सर, धडा वाचला की लगेच त्याचे प्रश्न. असंच करतात ना?

केमिस्ट्रीत झालेले: मोल कन्सेप्ट, अणुरचना, बाँडिंग, थर्मो, इक्विलिब्रियम, सॉलिड स्टेट, सोल्युशन्स, इलेक्ट्रोकेमिस्ट्री, सरफेस केमिस्ट्री, पॉलिमर्स. ऑरगॅनिक अर्धं. बायोलॉजीत अकरावीचं सगळं झालं. परवाच पचनसंस्थेचे २१० प्रश्न संपवले, ९० टक्के बरोबर.

---

गोळाबेरीज | १५ नोव्हेंबर, सकाळी ११:०२

ताई, बसून वाचा. सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, पॉलिमर्स हे २०२४ च्या नीटपासून अभ्यासक्रमातच नाहीत. पचनसंस्थाही नाही. वनस्पतींमधलं वहन आणि खनिज पोषण, तेही गेलं. तुमचं जाड पुस्तक त्याआधीचं आहे.

---

राजवाडा_ते_राजेंद्रनगर | १५ नोव्हेंबर, सकाळी ११:१५

अरे देवा.

तिला विचारलं. म्हणाली, "मला शंका आली होती, पण तू तक्त्यावर लिहिलं होतंस." फ्रिजवरचा कागद फाडून आले.

---

लष्करवाली | १५ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

काकू, मी ग्वाल्हेरची, एमबीबीएस दुसरं वर्ष. तुम्ही एकट्या नाही. आमच्या बॅचला यापेक्षा मोठा घोळ झाला होता, तो सांगते म्हणजे जुन्या पुस्तकाचं गांभीर्य कळेल.

२०२४ च्या नीटला फिजिक्समध्ये अणूवर दोन विधानांचा एक प्रश्न होता. दुसरं विधान असं की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपापला वर्णपट उत्सर्जित करतात. एनसीईआरटीच्या जुन्या आवृत्तीत तसं वाक्य होतं, नव्यात बदललं होतं. जुनं वाचलेल्यांनी दोन्ही विधानं बरोबर धरली, नवं वाचलेल्यांनी दुसरं चूक धरलं. आधी दोन्ही उत्तरांना गुण दिले. मग प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांकडून मत मागवलं, आणि एकच पर्याय बरोबर ठरला. दुसरा पर्याय लिहिलेल्यांचे चार गेले आणि वर एक कापला, म्हणजे पाच गुण. त्या गर्दीत पाच गुणांत केवढी रँक सरकते ते इथे सांगायला नको.

सीनियरचं पुस्तक घ्यायला माझी काही हरकत नाही, मीही घेतलं होतं. पण पहिल्या दिवशी चालू अभ्यासक्रम शेजारी ठेवून अनुक्रमणिकेवर काट मारा. आणि एनसीईआरटी मात्र नवंच घ्या, तिथे ऐंशी रुपये वाचवू नका.

---

सांजवात | १५ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:१०

थोडं अवांतर. नीट मराठीतून देता येते ना? मुलीला मातृभाषेत सोपं जाणार नाही का?

---

दांडियाबाजार | १५ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:४५

सांजवात, मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळते. इंदूरच्या मुलीला इंग्रजी किंवा हिंदी. आमच्याकडे बडोद्याला गुजराती मिळते. आणि भाषांतरात शंका आली तर इंग्रजीच ग्राह्य धरतात. आमच्या घरात मराठी, शाळा गुजराती, मेडिकलला सगळं इंग्रजी. पुतणीने गुजरातीतून नीट दिली तेव्हा प्रश्नसंचात एक शब्द, पाठ्यपुस्तकात दुसरा, यातच तिचा जीव मेटाकुटीला आला होता. ज्या भाषेत पेपर, त्याच भाषेत सराव करावा.

मूळ प्रश्नाबद्दल. मी निवृत्त डॉक्टर आहे. आमच्या वेळी गुजरातेत बारावीच्या गुणांवर प्रवेश होता, असले चार पर्यायांचे खेळ नव्हते, तेव्हा मी सल्ला देणं म्हणजे आगाऊपणाच. तरी पुतणीजवळ बसून एक पाहिलं. ती प्रश्न वाचायची नाही, पर्याय वाचायची. डोळे आधी खाली. मी एक पोस्टकार्ड दिलं: चारही पर्याय झाकायचे, उत्तर मनात तयार करायचं, मग कार्ड काढायचं. आपलं उत्तर चारांत असेल तर ठीक. नसेल तर प्रश्न समजलाच नाही म्हणायचं. आठवडाभर चिडचिड केली, मग कार्ड स्वतःच मागायला लागली.

---

गोळाबेरीज | १५ नोव्हेंबर, रात्री ९:२०

काका, पोस्टकार्ड झकास! उद्या वर्गात वापरतो. तेवढ्याने पर्याय पाहून उत्तर "ओळखण्याची" सवय सुटते. पोरं तोच संच दुसऱ्यांदा सोडवतात तेव्हा त्यांना गणित आठवत नाही, "हा तिसरा पर्याय होता" एवढं आठवतं.

---

राजवाडा_ते_राजेंद्रनगर | १७ नोव्हेंबर, रात्री १२:०८

झोप येत नाही म्हणून लिहितेय. आज जे कळलं ते ऐका.

संध्याकाळी लाईट गेली. लेक मोबाईलचा टॉर्च लावून बसली होती, पुस्तक मांडीवर आणि उजेड बाजूने तिरपा. एकदम ओरडली, "आई, इकडे ये." पानावर खुणा. पेन्सिलच्या टिका, खोडलेल्या. दुकानदाराने खोडरबराने पान पांढरं केलं होतं, पण पेन्सिल दाबून चालवलेली, कागदावर खाचा तशाच राहिलेल्या. सरळ उजेडात दिसत नाहीत, तिरप्यात लख्ख. जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला एका पर्यायावर खाच.

मी म्हटलं, तुला दिवसा दिसत नव्हत्या ना? म्हणाली, "दिसत नव्हत्या, पण आता वाटतंय हात तिकडेच जायचा." मग आम्ही दोघींनी बसून तिची वही आणि खाचा जुळवल्या. इलेक्ट्रोस्टॅटिक्सच्या ८० प्रश्नांत जुन्या मालकाचे ७ चुकले होते. त्या सातांपैकी ५ हिचेही चुकलेत, आणि तोच चुकीचा पर्याय!

खजूरीतल्या त्या माणसाने "भाभीजी, बिलकुल नई जैसी है, एक निशान नहीं" म्हणून दिलं होतं. खोटं नाही बोलला बिचारा, निशाण त्यालाही दिसलं नसेल.

पाच महिने मेथी निवडत मी कुणा दुसऱ्याच मुलाचा पेपर तपासत होते.

---

कारकून नं. ३ | १७ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

पहिल्यांदाच या संस्थळावर काही वाचून खुर्चीत सरळ बसलो.

---

लष्करवाली | १७ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

काकू!! अंगावर काटा आला.

माझा अनुभव सांगते. जुनं असो की नवं, पुस्तक आपल्याला सारखं काहीतरी हळूच सांगत असतं. मथळा सांगतो, "लेव्हल १" सांगतं की फार विचार करू नकोस, पानाच्या तळाशी उलट्या छापलेल्या उत्तरावर नजर जाते ती वेगळीच. माझ्या रूममेटने उत्तरांची पानं ब्लेडने कापून बाबांकडे पोस्टाने पाठवली होती, खरंच. रोज रात्री फोनवर उत्तरं विचारायची. बाबा आधी "का?" विचारायचे. त्यांना केमिस्ट्रीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण "का" विचारायला काय लागतं.

मी स्वतः चुकांची वही ठेवली होती. चुकलेला प्रश्न पूर्ण उतरवायचा नाही, तेवढा वेळ कुणाला आहे. पुस्तकाचं पान, प्रश्न क्रमांक आणि एका शब्दात कारण. "माहीत नव्हतं", "आठवलं नाही", "वाचलं चुकीचं", "आकडेमोड", "तुक्का". महिन्याने मोजलं तर माझा "वाचलं चुकीचं" सगळ्यात मोठा निघाला! बायोलॉजीत "खालीलपैकी कोणतं विधान चूक" असं विचारलेलं असायचं आणि मी पहिलं बरोबर विधान दिसलं की गोळा काळा करून पुढे. ९० प्रश्न बायोलॉजीचे असतात, ७२० पैकी ३६० गुण, तिथे असं करणं म्हणजे घरात चोर स्वतः आणून बसवणं. उपाय काय केला? "नाही" आणि "चूक" या शब्दांना पेनने गोल. बस.

---

शून्य_सम | १७ नोव्हेंबर, दुपारी १:००

"तुक्का" कारणांच्या यादीत आहे म्हणून. सगळे क्लासवाले तुक्का मारू नका म्हणतात, गणित वेगळं सांगतं. बरोबरला ४, चुकीला वजा १. चार पर्यायांत डोळे मिटून मारला तर चारांत एकदा ४ मिळतात, तीनदा १ जातो, सरासरी प्रश्नामागे अधिक पाव गुण. एक पर्याय नक्की बाद करता आला तर अधिक दोन-तृतीयांश. दोन बाद झाले तर अधिक दीड. प्रश्न सोडून देणं हे शून्य. मग सोडायचं कशाला?

---

लष्करवाली | १७ नोव्हेंबर, दुपारी १:२५

डोळे मिटून मारला तर तुमचं गणित बरोबर. पण परीक्षेत कुणी डोळे मिटून मारत नाही, "वाटतंय" म्हणून मारतो. पर्याय काढणाऱ्याला माहीत असतं मुलांना काय "वाटणार". अर्धवट वाचलेल्याचं "वाटणं" चारांत एकापेक्षाही वाईट निघू शकतं. दोन पर्याय खरंच बाद झाले असतील तर जरूर मारा, मीही मारले. तुमचं बाद करणं किती खरं ते चुकांच्या वहीतच कळतं: तुक्का लिहिलेले किती बरोबर आले ते पण मोजा.

---

शून्य_सम | १७ नोव्हेंबर, दुपारी १:४०

मान्य. "खरंच बाद" यावर सगळं अडलंय.

---

गोळाबेरीज | १७ नोव्हेंबर, रात्री १०:३०

ताई, आता कामाचं. जुनी दोन्ही पुस्तकं टाकू नका, पण धड्याच्या क्रमाने वापरूही नका. असं करा: न झालेल्या पानांवरून रोज तुम्ही ४५ प्रश्नांचे क्रमांक काढा, वेगवेगळ्या धड्यांतून, पुस्तक कुठेही उघडून. ते कोऱ्या कागदावर तुमच्या हाताने उतरवा, किंवा मोबाईलवर फोटो काढून कातरून द्या. खाचाही जातील आणि मथळाही. ती चिडेल, मार्कही आधी पडतील. पडू द्या.

चुकलेला प्रश्न उत्तर वाचून "हं, येत होतं मला" म्हणून सोडायचा नाही. पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या दिवशी परत एकदा. रोज १२० नको, ७० पुष्कळ झाले.

मागच्या वर्षांचे पेपर आत्ता धड्यांत तोडून संपवू नका. निदान शेवटचे चार-पाच अखंड ठेवा. आणि ते दुपारी दोन ते पाच या वेळेतच, खऱ्या परीक्षेच्या वेळेला. मे महिन्यातली दुपार, पोटात जेवण, वर पंखा गरगरतोय, त्यात जागं राहणं हाही अभ्यासच. २०२१ ते २४ मध्ये २०० पैकी १८० सोडवायची मुभा होती. २०२५ पासून ती नाही, सरळ १८० प्रश्न, १८० मिनिटं. जुने पेपर लावताना हे लक्षात ठेवा. गोळे बॉलपेननेच भरायचे, पेन्सिलने सराव नको. एकदा भरला की खोडता येत नाही, ही भीती हाताला आधीच कळायला हवी.

---

भुट्टेकाकीस | १८ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

यात जोडतो: टेस्ट कधीतरी कमी उजेडात पण द्यायला लावा. गंमत नाही करत. ४ मे २०२५ ला इंदूरात वादळ आलं, कित्येक केंद्रांवर वीज गेली. माझा भाचा खिडकीजवळ होता म्हणून वाचला. लोक हायकोर्टापर्यंत गेले, परीक्षा काही पुन्हा झाली नाही.

---

राजवाडा_ते_राजेंद्रनगर | १८ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

भाऊ, आमची त्याच दिवशी होती. तिचं केंद्र सुदैवाने ठीक होतं. तुमचं आयडी बघून भूक लागली.

---

राजवाडा_ते_राजेंद्रनगर | ११ जानेवारी, रात्री १०:१५

धागा वर काढतेय, बऱ्याच जणांनी निरोपातून विचारलं म्हणून.

सरांनी सांगितल्याप्रमाणे मीच प्रश्न उतरवून देते. माझी इंग्रजी लिहायची सवय गेली होती, पहिल्या आठवड्यात "इलेक्ट्रोनेगेटिव्हिटी" तीन प्रकारे लिहिली. पहिले दोन रविवार ३९१ आणि ४०२. घरात सुतक असल्यासारखं. तिचे बाबा म्हणाले, क्लास लावू का परत. ती म्हणाली, "नको, हे मार्क माझे आहेत."

मग ४३८, ४५६, गेल्या रविवारी ४७९. आकडा अजून हवा तसा नाही, मला माहीत आहे. फिजिक्स अजून अर्धंच जमतं. पण चुकांच्या वहीत आता "माहीत नव्हतं" जास्त आणि "वाचलं चुकीचं" कमी. लष्करवाली, तुझ्या गोलामुळे बायोलॉजीचे पंधरा-वीस तरी वाढले असतील.

दांडियाबाजार काका, पोस्टकार्ड मिळालं नाही, लग्नाची पत्रिका कापून केलंय. चि. सौ. कां. अशी अर्धी ओळ दिसते त्यावर.

एक प्रश्न राहिला. एक नवं कोरं, चालू अभ्यासक्रमाचं पुस्तक घेतलंय. त्यात ती काहीच लिहीत नाही, सगळं वहीत. परवा शेजारच्या वहिनी विचारत होत्या, परीक्षा झाली की देशील का आमच्या लेकीला. द्यायला हरकत नाही ना? की ती म्हणते तसं, आधी टॉर्च लावून तपासून देऊ?

---

कारकून नं. ३ | ११ जानेवारी, रात्री १०:२२

द्या. पहिल्या पानावर तारीख टाकून द्या.